नॅसचं नेटवर्क रीसेट केलं, आजीच्या ओव्या जागेवरच होत्या

मे महिन्यात आमच्या कराडच्या घरी वळवाचा पाऊस झाला त्या संध्याकाळी वीज जवळपास कुठेतरी पडली, म्हणजे आवाज आणि उजेड एकदमच, आणि घरातली लाइट गेली ती रात्री अकराला आली. लाइट आली पण राउटर काही आला नाही, स्विच पण नाही, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडायची पेटी. दोन्हींचे अॅडाप्टर बदलून बघितले, मेलेलेच. राउटर हुंगला तर जळका वास येत होता. नॅस मात्र यूपीएसवर होता म्हणून वाचला, त्याचा हिरवा दिवा नेहमीसारखा चालू होता आणि मला तेव्हा वाटलं की चला, महत्त्वाचं ते वाचलं, राउटर काय नवीन येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला लावलेली हार्ड डिस्कची पेटी. आमचा क्यूनॅप कंपनीचा आहे, दोन डिस्कवाला, २०१८ ला घेतलेला, दोन्ही डिस्क एकमेकीची कॉपी ठेवतात म्हणजे एक गेली तरी दुसरीवर सगळं असतं. लॅन पोर्ट मागे एकच, टीव्हीला वगैरे जोडायचं पोर्ट नाही, म्हणजे आत शिरायचा रस्ता फक्त नेटवर्कचा. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट याच्यावरच आहे.

आता त्यात आहे काय. ताईच्या लग्नाचे फोटो, माझ्या मुलीचे जन्मापासूनचे व्हिडिओ, अण्णांचे जमिनीचे स्कॅन केलेले कागद, आणि आजीच्या ओव्या. आजी २०१९ मधे गेली. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं मी सुट्टीला घरी आलो की तिच्यापाशी फोन ठेवून रेकॉर्ड करायचो, जातं तर कधीच बंद झालेलं पण ती जात्याच्या खुंट्याला हात लावून बसली की तिला आपोआप आठवायचं, नुसतं "म्हण" म्हणलं की आठवायचं नाही. एकूण ४१ रेकॉर्डिंग आहेत. बॅकअप होता माझ्याकडे, एका यूएसबी डिस्कवर, पण तो जानेवारीचा. आणि मार्च-एप्रिलमधे अण्णांनी रोज दुपारी बसून एकेक फाइल ऐकून तिला नाव दिलेलं, कुठली ओवी भावाची, कुठली माहेरची, कुठली पंढरीची, मधेच आजी कुणाचं तरी नाव घेते ती कोण, शेजारी एक वर्डची फाइल करून त्यात सगळं टाइप केलेलं. मराठी टायपिंग त्यांनी त्यासाठी शिकलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. ते सगळं फक्त नॅसवर. मी एप्रिलमधे बॅकअप घ्यायला पाहिजे होता, घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी इंटरनेटवाल्यांचा माणूस आला, नवीन राउटर लावला, मोबाईलवर नेट चालू झालं, गेला. मी पुण्याहून शनिवारी सकाळी पोचलो. नॅसची केबल नवीन राउटरला सरळ लावली, मागच्या पोर्टचा दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे पोर्ट जिवंत आहे, केबल चांगली आहे. लॅपटॉपवर क्यूफाइंडर उघडलं, हे क्यूनॅपचंच सॉफ्टवेअर आहे, नेटवर्कवर आपली पेटी कुठे आहे ते शोधून देतं. रिकामं. परत शोधलं, रिकामं. राउटरच्या पानावर जाऊन कोणकोण जोडलंय ती यादी बघितली, त्यात टीव्ही होता, आईचा मोबाईल होता, माझा लॅपटॉप, नॅस नाही.

पहिलं कारण तर मला लगेच कळलं. जुन्या सेटअपमधे नॅसचा पत्ता मी हाताने पक्का करून ठेवलेला, १९२.१६८.२०.५०, आणि नवीन राउटर सगळ्यांना १९२.१६८.१०० ने सुरू होणारे पत्ते वाटत होता. म्हणजे राउटर एका गल्लीत आणि नॅस दुसऱ्याच गल्लीत. त्याच्यावर उपाय सोपा असतो, रीसेट वगैरेची काही गरज नसते, लॅपटॉपलाच थोड्या वेळासाठी नॅसच्या गल्लीत न्यायचं. वायफाय बंद केलं, केबल लॅपटॉपमधून सरळ नॅसमधे, आणि लॅपटॉपच्या लॅन कार्डला हाताने पत्ता दिला १९२.१६८.२०.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. आजकाल क्रॉस केबल वगैरे लागत नाही, साधी चालते. मग कमांडच्या काळ्या खिडकीत पिंग मारला, म्हणजे त्या पत्त्यावर हाक मारून उत्तर येतं का ते बघितलं. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल." चार वेळा तेच.

इथे माझं डोकं चालेना. पोर्टचा दिवा चालू, डिस्कचे दिवे चालू, यूपीएस ठीक, पत्ता मला शंभर टक्के पाठ होता कारण टीव्हीला, सगळ्यांच्या मोबाईलला तोच टाकलेला, आणि तरी पेटी एक शब्द बोलत नाही. नॅस बंद करून चालू केला, पुढचं बटण दीड-दोन सेकंद दाबून रीतसर बंद, प्लग ओढून नाही. चालू करताना बीप, मग तीन-चार मिनिटांनी पूर्ण उठल्यावर परत बीप. म्हणजे आतली सिस्टीम ठणठणीत. पिंग मारला, तेच.

दुपारी गावातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला, ओळखीतून मिळालेला नंबर, तर ते म्हणाले घेऊन या, डिस्क काढून बघू, बहुतेक फॉरमॅट मारायला लागेल, डेटाची गॅरंटी नाही. आई शेजारीच उभी होती, फोन स्पीकरवर होता. तिचा चेहरा बघून मी फोन ठेवला. आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो की नॅस नेटवर्कवर दिसत नाही याचा आणि डिस्कवरच्या डेटाचा काही संबंध असेलच असं नाही, दिसत नसेल तर पहिल्यांदा डिस्क बाहेर काढायच्या नाहीत. दोन डिस्क जोडीने चालतात, त्या काढून कुठल्या तरी विंडोजच्या मशीनला लावल्या आणि त्याने विचारलं की ही डिस्क इनिशियलाइझ करू का आणि कुणी ओके दाबलं की मग खरंच रडायची वेळ. माझा प्रॉब्लेम दाराचा होता, घराचा नाही, एवढं मला कळत होतं, फक्त दार कुठे अडकलंय ते कळत नव्हतं.

रविवारी सकाळी माळ्यावरच्या खोक्यात माझी जुनी वही सापडली. लॉकडाउनमधे २०२० ला मी सहा महिने कराडलाच होतो, तेव्हा नेटवर्किंग शिकायचं वेड लागलेलं, मॅनेज्ड स्विच आणलेला, म्हणजे ज्यात असली वेगवेगळी नेटवर्क करता येतात तो, घरातले कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर, नॅस वेगळ्या, बाकी मोबाईल-टीव्ही वेगळ्या, असं सगळं केलेलं. वहीत माझ्याच अक्षरात होतं: "पोर्ट ३, नॅस, व्हीलॅन २०, टॅग्ड". त्या शेवटच्या शब्दावर माझी नजर अडकली.

व्हीलॅन म्हणजे एकाच तारेत दोन-तीन वेगळी नेटवर्क चालवायची पद्धत. प्रत्येक डेटाच्या पाकिटावर चार बाइटची एक चिठ्ठी लावतात, तिलाच टॅग म्हणतात, त्या चिठ्ठीवर नंबर असतो, १ ते ४०९४ मधला कुठलाही, आणि स्विच तो नंबर बघून पाकीट त्या त्या नेटवर्कला पोचवतो. ही चिठ्ठी बहुतेक घरी-ऑफिसात स्विचच लावतो आणि काढतो, मशीनला पत्ताही नसतो. मला इतकी वर्षं वाटत होतं की आमच्याकडे पण तसंच आहे. पण वहीप्रमाणे मी ती चिठ्ठी नॅसलाच लावायला सांगितलेली, म्हणजे नॅसमधून बाहेर पडणारं प्रत्येक पाकीट २० नंबरची चिठ्ठी लावूनच बाहेर पडत होतं, आणि चिठ्ठी नसलेलं कुठलंही पाकीट तो आत घेत नव्हता. जुना स्विच होता तोपर्यंत दोघांची भाषा जुळत होती. स्विच जळला. नवीन राउटरला आणि माझ्या लॅपटॉपला त्या चिठ्ठीचं काही कळत नाही, ते पाकीट टाकून देतात. म्हणून पत्ता बरोबर असून पिंग लागत नव्हता, म्हणून क्यूफाइंडरला दिसत नव्हता. पेटी आख्खे पाच दिवस बोलत होती, ऐकणारं कुणी नव्हतं.

कळल्यावर दोन रस्ते होते. एक म्हणजे लॅपटॉपला पण २० नंबरची चिठ्ठी लावायला शिकवायचं. लिनक्स असतं तर दोन कमांडचं काम आहे आणि ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी आधी तेच करावं, पण घरचा लॅपटॉप विंडोजचा, जुना, त्याच्या लॅन कार्डच्या सेटिंगमधे व्हीलॅन नंबर टाकायची जागाच नव्हती. बऱ्याच कार्डांना असते, ह्याला नव्हती. दुसरा रस्ता, नॅसच्या मागचं रीसेटचं बटण. आणि तसंही मला तो जुना पत्ता, तो व्हीलॅन, काहीच आता नको होतं, स्विचच राहिला नाही तर कशाला. म्हणून रीसेट ठरवलं.

आई म्हणाली, "रीसेट म्हणू नकोस. माझा मोबाईल रीसेट केलास तेव्हा सगळे फोटो गेलेले. एक राहिला नव्हता."

तिचं चूक नव्हतंच. मोबाईलमधे फॅक्टरी रीसेट म्हणजे सगळं पुसणं, आणि आपण त्याला पण रीसेट म्हणतो आणि ह्याला पण रीसेटच म्हणतो. मी तिला आणि अण्णांना समोर बसवून कंपनीच्या मॅन्युअलमधलं ते पान मराठीत वाचून दाखवलं, कारण मलाही ते मोठ्याने वाचायची गरज होती. क्यूनॅपमधे ते एक बटण दोन वेगळी कामं करतं आणि फरक फक्त किती वेळ दाबलं त्याचा आहे. तीन सेकंद दाबलं की एक बीप येते, त्यात अॅडमिनचा पासवर्ड मूळचा होतो, नेटवर्कचा पत्ता परत आपोआप घेण्यावर जातो म्हणजे डीएचसीपी, जंबो फ्रेम म्हणजे डेटाची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं बंद होतात, व्हीलॅन बंद होतो, ब्राउझरमधून आत शिरायचा पोर्ट नंबर परत ८०८० होतो, कुणाला आत घ्यायचं नाही ती बंदी उठते आणि सगळ्यांना परवानगी होते. बस. फोल्डर, युझर, डिस्क, फाइली, कशालाच हात लागत नाही. आणि दहा सेकंद दाबलं की दोन बीप येतात, त्याच्यात सिस्टीमच्या सगळ्याच सेटिंग मूळच्या होतात, युझर जातात, शेअर केलेल्या फोल्डरची नोंद जाते. फाइली डिस्कवर तेव्हाही राहतात पण ते फोल्डर परत त्याच नावाने तयार करावे लागतात मग त्या दिसतात. तोपर्यंत माणसाला वाटतं गेलं सगळं, आणि घाबरून तो भलतंच काहीतरी करून बसतो. डिस्क खरोखर पुसणारा प्रकार तिसराच आहे, तो बटणावर नाहीच, तो आत लॉगिन करून स्वतः निवडावा लागतो आणि त्याच्या नावातच फॉरमॅट आहे.

"म्हणजे तीनच्या पुढं जायचं नाही," अण्णा म्हणाले.

"बीप आली की सोडायचं. आकडे मोजत बसायचं नाही, कान द्यायचा."

तरी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंच, सेकंद काटावालं.

ते बटण एका बारीक भोकात असतं. मी आधी सिम काढायची पिन घेतली, ती आखूड पडली. आईने शिवणाच्या डब्यातली सुई दिली, ती मी घेतली नाही, टोकदार वस्तूने आतलं बटण फुटू शकतं आणि बटण भोकाच्या बरोबर मधेच असेल असंही नाही. शेवटी कागदाला लावायची यू पिन सरळ केली आणि तिचं टोक थोडं दुमडून बोथट केलं. नॅस चालू ठेवायचा, बंद करून बटण दाबून उपयोग नाही. केबल परत राउटरला लावली. फॅन बंद केला आईने, तिला वाटलं बीप ऐकू येणार नाही, आणि खरं सांगतो ते बरंच झालं कारण ती बीप काही फार मोठी नसते.

पिन आत गेली, हलकीशी टक झाल्यासारखी लागली बोटाला. अण्णा म्हणाले एक. दोन. मला त्या दोनच्या आणि तीनच्या मधे आजीचा तो खोकला आठवला जो तिसऱ्या रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आहे. तीन म्हणायच्या आतच बीप आली आणि मी पिन ओढून काढली, इतक्या जोरात की ती टीव्हीखाली गेली.

आणि मग काहीच झालं नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण इथेच माणूस परत बटण दाबायला जातो. दिवे तसेच, आवाज तसाच, पेटी रीस्टार्ट पण झाली नाही. अण्णा म्हणाले परत दाब, नीट दाबलं गेलं नसेल. मी म्हणलं थांबा, पाच मिनिटं कुणी हात लावायचा नाही. नेटवर्क सेवा सगळ्या आतून बंद होऊन परत उठतात, राउटरकडे पत्ता मागतात, राउटर देतो, याला वेळ लागतो. आईने मधे चहा टाकला. मी लॅपटॉपवर राउटरची यादी उघडून बसलेलो, दर मिनिटाला ते पान परत लोड करत.

चौथ्या मिनिटाला यादीत एक नवीन ओळ आली. नाव काही नव्हतं, नुसता पत्ता, १९२.१६८.१००.७, आणि शेजारी मॅक अॅड्रेस, म्हणजे मशीनच्या नेटवर्क पोर्टला कंपनीने दिलेला नंबर, सुरुवात २४, ५ई, बीई. ह्या पहिल्या तीन जोड्या कंपनीला वाटून दिलेल्या असतात, २४-५ई-बीई क्यूनॅपचे आहेत हे मला जुन्या वहीमुळे माहीत होतं. मी ओरडलोच. आई चहा घेऊन आली ती तशीच उभी.

जर राउटर जवळ नसता तरी चाललं असतं हेही सांगून ठेवतो. पत्ता देणारं कुणी मिळालं नाही तर क्यूनॅप स्वतःच १६९.२५४.१००.१०० हा पत्ता घेतो, आणि लॅपटॉपला पण कुणी पत्ता दिला नाही की तो १६९.२५४ नेच सुरू होणारा घेतो, मग केबल सरळ जोडली की दोघं एका गल्लीत येतात. थोडा वेळ धीर धरायला लागतो इतकंच.

ब्राउझरमधे पत्ता टाकला, शेवटी ८०८०, आणि लॉगिनचं पान आलं. तेच निळं पान. आता युझर अॅडमिन, आणि पासवर्ड. पूर्वी रीसेट केल्यावर पासवर्ड पण अॅडमिनच असायचा, पण क्यूटीएस, म्हणजे क्यूनॅपची आतली सिस्टीम, तिच्या ४.४.२ पासून त्यांनी तो बदलला, आता आमच्या पेटीला पासवर्ड म्हणजे तिचाच मॅक अॅड्रेस, मधली टिंबं काढून, अक्षरं सगळी मोठी. तो पेटीच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. आमचं स्टिकर पुसट झालेलं, सहा-सात वर्षं झाली, धूळ पुसून पुसून. मी टाकला, चुकीचा. परत टाकला, चुकीचा. मोबाईलचा टॉर्च मारून, फोटो काढून मोठा करून बघितलं तरी एक अक्षर ८ आहे का बी ते कळेना. एका ठिकाणी मी ओ वाचत होतो, मग लक्षात आलं की मॅकमधे ० ते ९ आणि ए ते एफ सोडून दुसरं अक्षर येतच नाही, म्हणजे तो ओ नसून शून्यच. मग सुचलं की हाच अॅड्रेस तर राउटरच्या यादीत समोर लिहिलेला आहे, स्वच्छ अक्षरात. तिथून बघून टाकला. उघडलं.

लगेच फाइल स्टेशन, म्हणजे फाइली बघायचं पान, उघडलं नाही मी, आधी स्टोरेजचं पान बघितलं, दोन्ही डिस्कसमोर "गुड" लिहिलेलं होतं. मग फोल्डर. सगळे तसेच, ताईचा, माझा, अण्णांचा, आणि "आजी". आत ४१ फाइली, अण्णांनी दिलेल्या नावांसकट, आणि ती वर्डची फाइल, तारीख २८ एप्रिल. अण्णांनी चष्मा वर करून स्क्रीनजवळ जाऊन प्रत्येक नाव वाचलं, बोट ठेवून, एक ते एक्केचाळीस, मी मधे काही बोललो नाही. मग ते म्हणाले सतरावी लाव. सतराव्यात आजी मधेच थांबते आणि विचारते, "झालं का तुझं? भाकरी टाकायच्यात मला." आई हसली आणि डोळ्याला पदर लावला.

पहिलं काम त्यानंतर बॅकअपचं केलं, यूएसबी डिस्क लावली आणि "आजी" फोल्डर आधी, मग बाकीचं. बाकी काहीही सेटिंग करायच्या आधी हे.

मग राहिलेली कामं. अॅडमिनचा पासवर्ड तर ताबडतोब बदलायचा, कारण मॅक अॅड्रेस त्या नेटवर्कवर असलेल्या कुणालाही दिसतो, आत्ताच मला राउटरमधे दिसला ना. मी त्याच्या पुढे जाऊन माझ्या नावाचं वेगळं खातं केलं, त्याला अॅडमिनचे अधिकार दिले, त्याच खात्याने परत लॉगिन करून मग मूळचं अॅडमिन खातं बंद करून टाकलं. आधीपासून करायला पाहिजे होतं, आमच्याकडे अण्णांचं आणि ताईचं खातं साध्या अधिकाराचं होतं आणि मी सरळ अॅडमिनच वापरत होतो. दुसरं म्हणजे ती परवानगीची बाब, रीसेटने सगळ्यांना आत यायची मुभा झालेली, ती परत फक्त घरच्या नेटवर्कपुरती केली. पण आता बंदी घालताना नवीन पत्त्यांचा गट टाकायचा, जुना टाकला तर आपणच बाहेर. मी टाइप करताना सवयीने २० लिहिलेलं, सेव्ह करायच्या आधी दिसलं.

आणि राउटरमधून नॅससाठी बाहेरचं दार उघडायचं नाही, म्हणजे पोर्ट फॉरवर्ड नाही, नॅसमधलं आपोआप पोर्ट उघडणारं यूपीएनपी पण बंद. जानेवारी २०२२ ला डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघड्या असलेल्या नॅसमधल्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागितलेले, त्याच्या आधी एप्रिल २०२१ ला तसाच क्यूलॉकर येऊन गेलेला. ज्या पेट्या घरातच बंद होत्या त्यांच्यापर्यंत ते पोचायला रस्ताच नव्हता. ताईला बंगळुरूहून फोटो बघायचे असतात, तिच्यासाठी पुढच्या फेरीत टेलस्केल टाकायचा विचार आहे, म्हणजे दार न उघडता फक्त आपल्याच मशीनना बाहेरून जोडणारं सॉफ्टवेअर, तोपर्यंत तिला म्हणलं थांब.

नॅसचा पत्ता या वेळी मी नॅसमधे पक्का केला नाही. नॅस डीएचसीपीवरच ठेवला आणि राउटरमधे सांगून ठेवलं की या मॅकवाल्याला नेहमी १९२.१६८.१००.५० हाच पत्ता दे. राउटर कायम तोच देतो, म्हणजे टीव्हीला आणि मोबाईलला एकच पत्ता लक्षात राहतो. आणि उद्या परत वीज पडून राउटर जळला, वेगळ्याच आकड्यांचा नवीन आला, तरी नॅस मुकाट्याने त्याच्याकडे पत्ता मागेल आणि यादीत दिसेल. अण्णांना फोनवर सांगता येईल की यादी उघडा आणि २४-५ई बघा. व्हीलॅन अर्थातच नाही लावला. शिकण्यासाठी ठीक आहे तो, पण ज्या घरात मी महिन्यातून एकदा येतो तिथे माझ्याशिवाय कुणाला उलगडणार नाही असं काही ठेवणं मला आता पटत नाही.

मॅक अॅड्रेस मार्करने मोठ्या अक्षरात लिहून पेटीच्या बाजूला चिकटवला, वर सेलोटेप. पासवर्ड अर्थात लिहिला नाही. त्याखाली अण्णांनी स्वतः बॉलपेनने लिहिलं, "रीसेट. मागचं भोक. एक बीप, सोडा. पाच मिनिटं थांबा."

संध्याकाळी हॉलमधल्या टीव्हीचा पत्ता बदलला, आईच्या आणि अण्णांच्या मोबाईलमधलं फोटो आपोआप चढवायचं अॅप नव्या पत्त्यावर लावलं, पाच दिवसांचे अडकलेले फोटो रात्रीपर्यंत चढले, त्यातले निम्मे आईने काढलेले वळवात पडलेल्या आंब्यांचे. नवीन स्विच घेतला नाही, राउटरलाच चार पोर्ट आहेत, पुरतात. राउटरसाठी मात्र यूपीएसचं एक सॉकेट मोकळं केलं आणि वीज कडकडायला लागली की प्लग काढायचे हे आईला सांगितलं, ते ती माझ्या आधीपासून करते, त्या दिवशी नेमकी मारुतीच्या देवळात गेलेली. आतल्या खोलीतल्या टीव्हीवर अजून जुनाच पत्ता आहे, त्याचा रिमोट सापडेना. गणपतीला आलो की करतो.